दगडू माझ्या अंगावर भार देतो

"मग करून दाखवा ना, काकू!"

असं म्हणाल्या त्या बाई. अमेरिकेत नेपरव्हिलला आम्ही राहतो, तिथल्या आमच्या मराठी मंडळाच्या कमिटीवरच्या. दिवाळीचा कार्यक्रम, भाड्याचा हॉल, दारात त्या अत्तर लावायला उभ्या. मी जरीची साडी नेसलेली. मागे सून. शेजारी माझा कुत्रा दगडू, पाठीवर 'सर्व्हिस डॉग' लिहिलेला निळा पट्टा, म्हणजे आजारी माणसाच्या मदतीचा कुत्रा.

"सर्व्हिस डॉग? पण तुम्हाला तर छान दिसतं की."

मी म्हटलं, "डोळ्यांसाठी नाही. मला घाबरं होतं. श्वास अडकतो. तेव्हा हा लागतो."

"कुठल्या ट्रेनरकडून ट्रेन करून घेतलात?"

"मीच शिकवलं."

"तुम्ही? शिक्षण किती झालंय तुमचं?"

"सातवी."

"सातवी पास काकूंचा पीएचडी कुत्रा!" सगळे हसले. मीही हसले. हसावं लागतं. "आता अॅटॅक आला की हा काय करतो ते दाखवा. हल्ली कुणीही असला पट्टा ऑनलाइन मागवतं हो."

सून कानाशी म्हणाली, "आई, दाखवा आणि आत चला. सीन नको."

मी दाखवलं.

दारातच खाली बसले. हात थरथरवले. खोट्या धापा टाकल्या. एका गृहस्थांनी फोन वर धरला, "काकू, अॅक्शन!" दगडू आला. पुढचे पाय माझ्या मांडीवर, छाती माझ्या छातीला, सगळा भार माझ्यावर. "सो क्यूट यार!" टाळ्या वाजल्या.

आणि त्या टाळ्यांत माझे हात खरंच थरथरायला लागले. मला थांबवता येईनात. श्वास गेला. बोलायला तोंड उघडलं, आवाज नाही. लोकांना वाटलं, काकू काय अॅक्टिंग करतात! आणखी टाळ्या. "वन्स मोअर!"

खरं काय चाललंय ते तिथे एकालाच कळलं. दगडूला. सून पट्टा ओढत होती, "दगडू, झालं, चल." तो हलला नाही. माझा श्वास परत येईपर्यंत हलला नाही.

मग आम्हाला आत घेतलं. मागे, कोट टांगतात तिथे खुर्ची दिली. "कुणाला अॅलर्जी असेल ना, काकू." फराळाची प्लेट तिथेच आली.

आता हे घाबरं होणं कुठून आलं, तेही सांगते. सांगताना अजून जड जातं, पण सांगते.

आमचे हे आणि मी, दोघंच नदीकाठच्या वाटेवर फिरायला गेलो होतो. मुलगा-सून ऑफिसला, नात शाळेत. चालता चालता हे खाली बसले. म्हणाले, "जरा थांब गं." मग आडवेच झाले. मी फोन लावला. पलीकडची बाई इंग्लिशमध्ये विचारत होती, कुठे आहात, कुठे आहात. नदी दिसत होती, पूल दिसत होता, बाकं दिसत होती. मला एकही शब्द येईना. रोज नातीशी मोडकंतोडकं बोलते ते इंग्लिशसुद्धा पळालं. "प्लीज कम, प्लीज कम," एवढंच. शेवटी एक गोरा मुलगा सायकल टाकून धावला, त्याने फोन घेतला. अॅम्ब्युलन्स आली. उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, लवकर आली असती तरी वाचले नसते. असेल. मला पटत नाही.

तेव्हापासून सायरन ऐकला, कुणी माझ्याशी भरभर इंग्लिश बोललं, की माझा गळा बंद. मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला मोठं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. कुत्र्याचंही त्यांनीच सुचवलं. बेवारस कुत्र्यांच्या शेल्टरमधून आणलेला, करडा, चौकोनी, उचलू गेलं तर हलेना. म्हणून दगडू.

ट्रेनरकडे दोनदा गेलो. तो इंग्लिशमध्ये हुकूम द्यायचा, दगडू ऐकायचा. पण माझ्या लक्षात आलं, माझा गळा आवळला की आधी इंग्लिश जातं. मग मी ह्याला कशाने हाक मारणार? तेव्हा मीच बसले त्याला घेऊन. "ये." "भार दे." "सोड." "सुनेला आण." उकडलेल्या अंड्याचा तुकडा हातात धरायचा. आधी नुसता मांडीवर पाय ठेवायला शिकवलं, मग भार द्यायला. मग शब्दच बंद केले, नुसता श्वास जोरात घ्यायचा, हात थरथरवायचा. मराठीही गेली तर? नात फोनवर सायरन लावायची, आधी हळू, मग मोठा. सोपं नव्हतं हो. तो सायरन मलाही ऐकावा लागायचा ना. कितीदा शिकवता शिकवता मीच रडले, आणि तो अंडं सोडून माझ्याजवळ आला.

दिवाळीच्या त्या दिवशी घरी येऊन साडीवरचे केस काढत बसले. तेव्हा आठवलं, हे मला नवं नाही. सोळाव्या वर्षी मला पाहायला लोक यायचे. चालून दाखव. सुईत दोरा ओवून दाखव. केस मोकळे सोडून दाखव. मी दाखवायची. आई दाराआडून खुणा करायची, हस म्हणून. मग हे पाहायला आले, यांच्या मावशीने चालायला सांगितलं. हे म्हणाले, "राहू दे. बसू दे तिला." आयुष्यात एवढं एकाच माणसाने म्हटलं. आता तेही नाहीत.

नातीने अशा कुत्र्यांबद्दलचा इथला कायदा वाचून काढला. म्हणाली, "आजी, दे कान्ट आस्क यू दॅट!" दारातल्या माणसांना दोनच गोष्टी विचारता येतात. कुत्रा आजारपणासाठी लागतो का, आणि त्याला काय काम शिकवलंय. करून दाखवा म्हणता येत नाही. कुणी शिकवलं त्यालाही बंधन नाही. मी ऐकत राहिले. कायद्याला कळतं, ते आपल्या माणसांना कळत नाही.

संक्रांतीच्या कार्यक्रमाला तोच हॉल, त्याच बाई. सोबत पाहुण्या. "ह्याच त्या! काकू, ते करून दाखवा ना, ह्या मुद्दाम थांबल्यात."

मी म्हटलं, "नाही."

"अहो, कौतुकानेच म्हणतोय."

"हा मला आजारासाठी लागतो. श्वास अडकला की अंगावर भार देतो आणि माणूस बोलावून आणतो. एवढं विचारायचा तुम्हाला हक्क आहे, तेवढं सांगितलं. त्या दिवशी तुम्ही टाळ्या वाजवल्यात तेव्हा माझा श्वास खरंच गेला होता."

त्यांनी पाहुण्यांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आम्हाला कसं कळणार?"

"तुम्हाला कळत नाही म्हणूनच तर कुत्रा आहे."

त्यांचा चेहरा उतरला, आणि लगेच कडक झाला. "मग सॉरी काकू, प्रूफ नसेल तर आत नाही."

सून म्हणाली, "आई, तुम्ही गाडीत बसा ना प्लीज." आणि आत गेली. नातीचा नाच होता. मला तो पाहायचा होता. अख्ख्या आठवड्यात चार बायांशी मराठी बोलायला मिळतं ते याच हॉलमध्ये, तेही गेलं.

मी गाडीत बसले नाही. दारातच उभी राहिले, थंडीत, दगडू पायाशी. आतून गाण्याचा आवाज येत होता. येणारे-जाणारे खाली बघून कडेने जात होते.

मंडळाचा पुढचा कार्यक्रम पाडव्याला आहे. सून म्हणते, या वेळी दगडूला घरी ठेवू. नाही. मी येणार, त्याला घेऊन येणार. मंडळातल्यांनो, विचारलंत तर उत्तर देईन. आत घेतलंत तर मधल्या रांगेत बसेन, कोटांपाशी नाही. नाही घेतलंत तर दाराच्या मधोमध उभी राहीन. कडेला सरकणार नाही. ज्याला आत जायचंय त्याने मला वाट मागावी, आणि मागताना माझ्या तोंडाकडे बघावं.