डोळे मिटून पापनाशम

पाच जण रोज एकाच कोर्टावर भेटले की खेळ सुधारो न सुधारो, किस्से मात्र साचतात. आमच्या तंजावूरच्या बॉल बॅडमिंटन टीमचे मी त्याच दिवशी लिहून ठेवतो. नाहीतर नंतर कुणी कबूलच होत नाही!

यंदा सगळं एका व्हिडिओमुळे झालं. तो बघून आमचे कॅप्टन तुकोजीअण्णा म्हणाले, "मॅच आधी मनात जिंकायची. रोज दहा मिनिटं डोळे मिटा!"

खरा रोख रघूवर होता. सरावात त्याची सर्व्हिस सुरेख. पण शेजारच्या पापनाशम गावच्या टीमसमोर दरवर्षी जाळ्यात. "यंदा चुकलास तर टीमबाहेर," अण्णांनी बजावलं. कॉलेजपासून हा एकच खेळ खेळलेल्या रघूचा चेहरा उतरला.

*

पहिल्या दिवशी डोळे उघडल्यावर अण्णांनी विचारलं, "रघू, काय झालं?"

"हरलो, अण्णा."

"अरे, स्वतःच्या मनात कसा हरतोस!"

"त्यांचे प्लेयर चांगले आहेत, अण्णा."

*

मग अण्णा म्हणाले, "घरातून निघाल्यापासून सगळं बारकाईनं बघायचं."

दहा मिनिटं संपली. "केलीस सर्व्हिस?"

"कुठली, अण्णा! बस अजून वाटेत, अय्यमपेट्टैलाच आहे."

"मनात कुणी बसनं जातं का रे? थेट कोर्टावर उतर!"

*

एकदा टीममधले सुंदरराव डोळे उघडून म्हणाले, "मधला बॉल काय मारला मी!"

मल्हारी भडकला. "मधला बॉल माझा असतो!"

न झालेल्या मॅचमधल्या बॉलवरून दोघांनी आठवडाभर अबोला धरला. निरोप्याचं काम अर्थातच माझ्याकडे!

*

अण्णा घरीही डोळे मिटून बसायचे. एका सकाळी वहिनींना म्हणाले, "इडली झाली का?"

"मनात वाढलीय," वहिनी म्हणाल्या. "चटणी हवी तर तीही बघून घ्या!"

*

शेवटी पापनाशमची मॅच आली. बरोबरी. एक पॉइंट हवा, आणि सर्व्हिस रघूची!

मागून अण्णा ओरडले, "रघू, डोळे मीट!"

त्यानं मिटले. अंपायर "प्ले" म्हणाला. रॅकेट फिरली, पिवळा लोकरीचा बॉल जाळ्यावरून गेला आणि पापनाशमच्या दोघांच्या मधोमध पडला. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. जिंकलो!

अण्णांनी धावत जाऊन रघूला मिठी मारली. "सांग, डोळे मिटून काय पाहिलंस?"

"काहीच नाही, अण्णा. बॉल कुठे गेला?"

"म्हणजे? सर्व्हिस करताना डोळे उघडले नाहीस?"

"तुम्ही मीट म्हणालात. उघड कुठे म्हणालात?"