सहा घरांचे दिवे

मंडळी, आज महापालिकेत सुनावणीला गेले होते आणि तोंडघशी पडून आले.

आमच्या नाशिकच्या जुन्या कॉलनीसाठी नवा नियम येतोय. बंगले बाहेरून आहेत तसेच ठेवायचे, आत मात्र छोटी, परवडणारी घरं करायला परवानगी. मी हरकत घेतली होती. गल्लीतले सहाही शेजारी आता पुण्याला नाहीतर परदेशात. सगळ्यांनी फोनवर एकच सांगितलं, "काकू, आमच्या वतीनं तुम्हीच बोला."

मी चांगलं ठणकावून बोलले. "साहेब, आमची गल्ली जिवंत आहे. तिन्हीसांजेला घराघरात दिवा लागतो. उगाच गर्दी कशाला आणता?"

मागून आवाज आला, "पण काकू, ते दिवे तुम्हीच लावता ना! घरात कोण हाय?"

मंदा! माझ्याकडे स्वयंपाकाला येते, रोज दोन बस बदलून. ती छोट्या घरांच्या बाजूनं बोलायला आली होती. मला पत्ताच नाही.

खोटं काय बोलली? सहाही घरांच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. घरं रिकामी दिसू नयेत म्हणून रोज फिरून दिवे मीच लावते.

साहेबांनी विचारलं, "मग गल्लीत राहतं कोण?"

"मी."

आत्ताच दिवे लावून आले, पायरीवर बसलेय. सातही घरं उजळलीत, पण एकाही घरातून कुकरची शिट्टी नाही. हरकत मागे घ्यावी म्हणते. मंदा शेजारी आली, तर तिचा दिवा तिची ती लावेल.

तुमच्या गल्लीत दिवे कोण लावतं हो?