माथ्यावरचे ठिपके

मेकन शहरातल्या अर्ध्या बायकांबद्दल तुम्हाला काय माहीत आहे, असं मिस वर्डेल प्रुइटना कुणी विचारलं, तर त्या म्हणायच्या, "कपाळाच्या वरचं सगळं." आणि पुढे एक अक्षर बोलायच्या नाहीत. चौतीस वर्षं झाली, त्या पार्लर चालवताहेत. त्यातली सतरा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर काम करतेय, त्यांच्या गिऱ्हाइकांची डोकी धुतेय. त्यांनी मला पहिला धडा दिला तो कात्रीचा नव्हता, तोंडाचा होता. खुर्चीत बसलेल्या बाईच्या डोक्यावर जे दिसेल ते खुर्चीतच ठेवायचं. दुसऱ्या बाईला सांगायचं नाहीच, पण खुद्द तिलाही सांगायचं नाही. माथा उघडा पडत चालला असेल तर भांग जरा बाजूला घ्यायचा, शेजारचे केस वरून आणायचे, आणि 'किती छान दिसतेयस, बाळा' म्हणायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आमच्या काळ्या बायकांना तेच हवं असायचं. पाच-सहा वर्षांच्या असताना आयांनी शेगडीवर तापवलेल्या कंगव्याने त्यांचे केस सरळ केलेले, कानाच्या पाळ्या भाजलेल्या. मग केस सरळ करायचं औषध, मग घट्ट वेण्या, मग वेण्यांवर शिवलेले विकतचे केस. छान दिसायचं तर सोसावं लागतं, हे आजीच्या तोंडून ऐकत वाढलेल्या बायका आम्ही. डोक्याची आग होते ही गोष्ट आमच्याकडे कुणी तक्रार म्हणून घेतच नसे. उन्हाळ्यात घाम येतो, तशी डोक्याची आग होते.

बावन्नाव्या वर्षी मिस वर्डेल अटलांटाला जाऊन डोक्यावर गोंदायचं काम शिकून आल्या. टाळूच्या कातडीत बारीक सुईने शाईचे हजारो ठिपके भरायचे, की लांबून पाहणाऱ्याला ते कापलेल्या केसांचे खुंट वाटतात. बायकांच्या विरळ केसांमधून कातडी चमकते, तिथे ठिपके भरले की चमक जाते आणि केस दाट दिसतात. बाईंचा हात असा हलका, की गिऱ्हाईक खुर्चीत डुलक्या घ्यायचं. नव्या सुया, नवे हातमोजे, शाईची बाटली गिऱ्हाइकासमोर फोडायची. आमच्या लोकांच्या कातडीवर जखमेचा वण फुगून वर येतो, म्हणून आधी कानामागे चार ठिपके देऊन महिनाभर थांबायच्या. या बाबतीत त्यांच्याकडे बोट दाखवायची कुणाची हिंमत नव्हती, माझीही नाही.

आधी पुरुष आले. आमच्या चर्चचा कारभार पाहणारे डीकन रॉइस टकले होते, त्यांना पंचविशीत होती तशी कपाळाची रेघ हवी होती, न्हाव्याने वस्तऱ्याने आखल्यासारखी सरळ. बाईंनी समजावलं, की डीकन, रेघ जरा वर घेऊ, जरा तुटक ठेवू, तुम्ही म्हातारे होणार आहात, शाई होणार नाही. ऐकतील तर शपथ. सहा वर्षांनी दाढी कापसासारखी पांढरी आणि कपाळावर ती काळी रेघ, तीही कडेने निळसर फुटलेली. रविवारच्या शाळेतली पोरं त्यांना पाठीमागे 'पेनवाले डीकन' म्हणायला लागली. शेवटी अटलांटाला चार खेपा घालून लेझरने ती पुसून आले. तेव्हा आम्ही हसून हसून बेजार झालो. शाई माणसाबरोबर म्हातारी होत नाही, हे एवढं समोर दिसलं असताना आम्हाला त्यातून हसण्यापलीकडे काही सुचलं नाही, याचा मला आता राग येतो.

मग लोर्ना ट्रेडवेल आल्या, चर्चमध्ये सगळे त्यांना सिस्टर लोर्ना म्हणतात. मिस वर्डेल आणि सिस्टर लोर्ना बत्तीस वर्षांच्या मैत्रिणी. एकमेकींच्या बाळंतपणात एकमेकींच्या चुली सांभाळलेल्या. सिस्टर लोर्ना आमच्या चर्चच्या कॉयरमध्ये पुढच्या रांगेत गायच्या, आणि नऊ वर्षं विगशिवाय कुणी त्यांना पाहिलं नव्हतं. आम्ही दोघी सोडून. त्यांच्या माथ्याच्या मधोमध डॉलरच्या नाण्याएवढी जागा गुळगुळीत झाली होती. मी डोकं धुताना तिथे बोट लागलं की त्या मान आखडायच्या. "हळू गं, तिथे निखारा ठेवलाय कुणीतरी," असं म्हणून हसायच्या, आणि मीही हसायचे.

बाईंनी तीन बैठकांत ते नाणं ठिपक्यांनी भरून टाकलं. ईस्टरला सिस्टर लोर्ना विग न घालता स्वतःच्या आखूड केसांनिशी कॉयरमध्ये उभ्या राहिल्या. बायका टाळ्या वाजवत जागच्या उठल्या. मिस वर्डेल बाकावर बसून हमसाहमशी रडल्या. इतकं चांगलं काम आपल्या हातून झालं, असं त्यांना आयुष्यात दुसऱ्या कशाबद्दल वाटलं नसेल.

तीन वर्षांनी रंग फिका झाला म्हणून सिस्टर लोर्ना परत आल्या. त्यात विशेष काही नव्हतं, तीन-चार वर्षांनी शाई परत भरावीच लागते. पण मी त्यांचं डोकं धुतलं तेव्हा माझा हात थांबला. ठिपके जिथल्या तिथे होते, ठिपक्यांभोवतीचे केस मात्र गेले होते. नाण्याची जागा बशीएवढी झाली होती. मी बाईंकडे पाहिलं, बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी मशीन सुरू केलं आणि बशीभर ठिपके भरले. सिस्टर लोर्नांना हातातल्या आरशात पहिल्यासारखंच दाट डोकं दिसलं. त्या आम्हाला मिठ्या मारून गेल्या. आम्ही दोघींनी डोळ्यांवर कातडं ओढलं, आणि त्याला आम्ही रीत म्हणत होतो.

पुढे दोन वर्षांनी, फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, डॉक्टर ओबिओरा नावाच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी गावातल्या सगळ्या केस करणाऱ्या बायकांना चर्चच्या तळघरात बोलावलं. सोमवारी पार्लरं बंद असतात. तळलेले मासे आणि कोबीची कोशिंबीर होती, म्हणून गर्दीही बरी होती. त्यांनी भिंतीवर डोक्यांचे फोटो दाखवले. माथ्याच्या मधोमध सुरू होतं, म्हणाल्या, आणि गोल गोल पसरत जातं. आग होते, खाज येते, दाबलं की दुखतं. केसांची मुळं आतून वणाने बुजतात, आणि एकदा बुजली की तिथे परत केस येत नाही. नेमकं कारण अजून कुणाला पक्कं माहीत नाही, पण आईला असलं तर मुलीला होऊ शकतं. लवकर आलं तर इंजेक्शनांनी, गोळ्यांनी थांबवता येतं. "आणि हे सगळ्यात आधी मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दिसतं."

मिस वर्डेलनी हात वर केला. त्यांनी एकच विचारलं, की अशा डोक्यावर कुणी ठिपके गोंदले तर?

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, की आजार थंडावल्यावर, डॉक्टरला विचारून केलं तर चालतं, पुष्कळ बायकांना त्याने आधार मिळतो. पण आग होत असलेल्या डोक्यावर सुई लावू नये. त्याने आजार वाढतोच असं त्या छातीठोकपणे म्हणणार नाहीत, वाढू शकतो एवढंच. खरा घोटाळा वेगळाच असतो. ठिपक्यांखाली लाली दिसत नाही, आणि केस गेले तरी तिथे केस आहेत असंच वाटत राहतं. त्यात वर्षं जातात.

बाईंनी ताटातला मासा तसाच ठेवला. गाडीत मी म्हटलं, सिस्टर लोर्नांना आज संध्याकाळीच सांगा. त्या म्हणाल्या, "सांगते." मार्च गेला. मी परत म्हटलं, त्यांनी परत 'सांगते' म्हटलं. दर रविवारी लोर्नाच्या शेजारी उभं राहून त्या हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. मी तरी कुठे गेले सांगायला? माझी ती मैत्रीण नव्हे, मी कोण बोलणारी, असं म्हणत मीही मूग गिळून बसले.

एप्रिलमध्ये सिस्टर लोर्नांची मुलगी जनेल आली. एकोणतीस वर्षांची, शाळेत शिकवणारी, जूनमध्ये लग्न ठरलेलं. लग्नात डोक्यावर फुलांची बारीक माळ लावायची होती आणि माथा मधे थोडा उघडा दिसत होता. आईनेच पाठवलं होतं. कुणाकडे गेलीस तर वर्डेलकडेच जा, असं म्हणाली होती.

शुक्रवारची दुपार, दुकान भरलेलं, दोन बायका केस वाळवायला ड्रायरच्या टोपाखाली. मी जनेलचं डोकं धुतलं. मधोमध नाणं होतं. आईचं होतं तेवढंच. मी तिला बाईंच्या खुर्चीत बसवलं. बाईंनी केस बाजूला केले आणि अंगठ्याने हलकेच दाबलं. पोरीने मान आखडली.

"दुखतं?"

"थोडं. कधीकधी आग होते. पण ते काय, सगळ्यांचंच होतं ना, मिस वर्डेल."

मशीन तयार होतं, शाई ओतलेली होती. बाई आता भांग बाजूला घेऊन 'छान दिसेल' म्हणणार, असं मला वाटलं, आणि तसं झालं असतं तर मी तोंड उघडलं असतं की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. मग त्यांनी हातमोजे काढले.

"मी तुला ठिपके देणार नाही," त्या म्हणाल्या. आवाज मुद्दाम बारीक केला नाही. "हा आजार आहे, बाळा. सोमवारी डॉक्टर ओबिओराकडे जा. आत्ता गेलीस तर हे केस राहतील. मी ठिपके भरले तर हे कुणाला दिसणार नाही, तुलाही नाही, आणि पाच वर्षांनी तिथे काही उरायचं नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

डॉक्टरीणबाईंनी शिकवलं, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते खोटंही नव्हतं.

"तुझ्या आईचं होताना मी पाहिलंय," त्या म्हणाल्या. "आणि त्यावर मी शाई भरली. दोनदा."

ड्रायरखालच्या एका बाईने टोप वर केला. जनेलने गळ्याभोवतीचं कापड स्वतःच सोडलं.

"आईला माहीत आहे?"

"नाही."

ती ओल्या केसांनीच निघून गेली.

त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही दोघी कामापुरतं बोललो. एकदा बाईंनी विचारलं, की ती सोमवारी गेली असेल ना? बाकी कशाचं त्यांना काही उरलं नव्हतं. पोर डॉक्टरकडे गेली की रागाने दुसऱ्या कुणाकडून ठिपके घालून आली, एवढाच त्यांना घोर होता.

दहाव्या दिवशी, दुकान बंद असताना, सिस्टर लोर्ना आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. मायलेकी दोघीही डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. जनेलला वेळेवर सापडलं, इंजेक्शनं सुरू झालीत, मुळं जिवंत आहेत. त्यांचं स्वतःचं जे गेलं ते गेलं, कडा तेवढ्या वाचवता येतील.

"डॉक्टरने विचारलं, कधीपासून पसरतंय," सिस्टर लोर्ना म्हणाल्या. "मी काय सांगणार? मला तर आरशात केस दिसत होते. तुला कधीपासून माहीत होतं, वर्डेल?"

"आजार आहे हे फेब्रुवारीपासून. केस जाताहेत हे पहिल्या दिवसापासून."

"आणि दर खेपेला मला म्हणालीस, छान दिसतेयस."

"तू मैत्रीण होतीस माझी. तुला दुखवायचं जिवावर आलं."

"माझ्या मुलीला भरल्या दुकानात सांगितलंस. फार बरं केलंस, त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मी नजर खाली घातली. "म्हणजे जी मैत्रीण नाही तिला खरं सांगायचं, आणि मला नाही. मग मी तुझी मैत्रीण नसते तर माझे केस राहिले असते, वर्डेल."

बाईंनी एवढंच विचारलं, की शाई परत भरू का, डॉक्टर हो म्हणतील तेव्हा, आयुष्यभर भरून देईन. सिस्टर लोर्ना 'नको' म्हणाल्या, 'फिकी होऊ दे'.

बाई आता गोंदायच्या आधी प्रत्येक माथा दाबून पाहतात आणि जे दिसेल ते तोंडावर सांगतात. त्यामुळे काही गिऱ्हाइकं तुटली. जूनमध्ये जनेलचं लग्न झालं, आम्हाला बोलावणं होतं, आम्ही मागच्या बाकावर बसलो. सिस्टर लोर्ना अजून कॉयरमध्ये पुढच्या रांगेत गातात. ठिपके फिके पडत राखाडी झालेत आणि खालची तळहाताएवढी कातडी उघडी पडलीय. विग त्या घालत नाहीत. प्रार्थनेच्या वेळी सगळे माना खाली घालतात, तेव्हा तो माथा नेमका आमच्याकडे होतो. सगळे डोळे मिटतात. मिस वर्डेल मिटत नाहीत. मीही मिटत नाही, म्हणून मला माहीत.