दोन विमानांची कंपनी

आजारी बाबांना एका छोट्या कंपनीच्या विमानाने मुंबईच्या रुग्णालयात न्यायचं ठरलं. मी आणि बहीण त्यांना स्ट्रेचरवर घेऊन जिल्ह्याच्या धावपट्टीवर पोचलो आणि माझा त्या कंपनीवरचा विश्वासच उडाला. माहितीपत्रकात चार विमानं होती. समोर दोनच उभी होती, आणि त्यातल्या एकाला इंजिन नव्हतं. आमच्या विमानात डोकावलो तर कोंबड्यांचा वास.

"काल पिल्लं नेली होती. खुर्च्या आज सकाळी बसवल्या," मेकॅनिक सहज म्हणाला.

वैमानिक पन्नाशीच्या बाई होत्या. त्या विमानाभोवती फिरत होत्या, पंख्याच्या पात्यावरून तळवा फिरवत, पत्र्याचे स्क्रू चाचपत. एक फेरी झाली, दुसरी सुरू झाली. मी जवळ गेलो.

"काही बिघाड आहे का, मॅडम?"

"अजून सापडला नाही."

"म्हणजे आहे?"

"आहेच असं धरून बघते मी. रोज."

आठ दिवस मीही बाबांच्या उशाशी तसाच बसलो होतो. ते शांत झोपले की ती शांतता मला खरी वाटत नसे. छाती वरखाली होते का, ते वाकून बघायचो. असा संशय घ्यायलाही माया लागते, हे मला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या फेरीत बाई थबकल्या. विमानाच्या पोटाखालचं एक झाकण सैल होतं. मेकॅनिक पाना घेऊन धावला.

बहिणीने माझा दंड धरला. "दादा, परत जाऊ या."

"आता नको. बिघाड सापडला त्यांना," मी म्हणालो आणि बाबांचं स्ट्रेचर विमानात चढवायला वाकलो.