चाचांच्या हातचे वेढे

परवा थंडी वाढली म्हणून माळ्यावरची इलेक्ट्रिक शेगडी काढली, कॉइलवरची धूळ जळाल्याचा वास सुटला आणि मला मेहरूणमधलं आमच्या शेजारच्या चाचांचं मोटार वाइंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटारींत तारेचे नवे वेढे भरायचं, दुकान आठवलं. रावेर-यावलच्या केळीबागांतून आलेल्या पाण्याच्या मोटारींच्या गर्दीत, भट्टीच्या विटांना खाचा पाडून त्यांत अशीच कॉइल बसवून, त्यांनी माझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी भट्टी बनवली होती. मी वीतभर तार मागवली होती. भट्टीत तापताना जो आकार असेल तो कायमचा लक्षात ठेवणारी, नंतर कितीही वाकवली तरी ऊब लागताच त्याच आकारात परतणारी. मला तिचं केळीचं पान करायचं होतं. तार पानाच्या आकारात अडकवायला मी खिळे घेऊन परत आले तोवर चाचांनी ती सळईवर घट्ट गुंडाळून भट्टीत तापवलीसुद्धा! "वायर हातात आली की हात गुंडाळतोच, बेटा," ते ओशाळून म्हणाले. दुसरी तार नव्हती, आता ही जन्मभर स्प्रिंगच राहणार होती. मला रडूच आलं. तार गार पाण्यात बुडवून विझवली, रागाने ओढून पार सरळ केली आणि समोरच्या वाफाळत्या चहात टाकली. तशी ती जिवंत असल्यासारखी वळवळली आणि बघता बघता एकेक वेढा पुन्हा जिथल्या तिथे बसला. चाचा उठून उभे राहिले. "सुभानअल्लाह," एवढंच म्हणाले आणि कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. हल्ली त्यांचे हात थरथरतात, दुकान बंद असतं. परवा त्याच शेगडीवर पाणी तापवून मी इतकी वर्षं जपलेली ती तार सरळ करून आत सोडली. सगळे वेढे परत आले, एकाला एक खेटून, एकही सैल नाही.