भोंगा वाजला की सलाम

हे मी आजवर कुनालाच सांगितलं न्हाई. बायकोला न्हाई, लेकाला न्हाई. तुमाला सांगतो — तुमी मला वळखत न्हाई, म्हनून असंल. आता तोंड उघडलंय, तर मधी थांबवू नका.

मी मास्तर होतो. निजामाचा अंमल होता तवा, केजच्या पुढं, नांदूरघाटाच्या वाटंला एका खेड्यात. शाळा सडकंला लागूनच. सडकंवर सगळ्या बैलगाड्या. मोटार महिन्यातून एखादी. भोंगा ऐकला की पोरं पळायची अन् शेताच्या बांधावर चढून बसायची. त्यांच्या आयांनी तसं शिकवलतं. बरोबर शिकवलतं — न्हाई का?

एकदा दौऱ्यावरच्या साहेबाची मोटार आली, अन् माझी सगळी शाळा तिला पाठ दाखवून बांधावर पळाली. साहेब हसले. म्हनले, "मास्तर, शाळा हाय का मेंढरांचा कळप?" एवढंच. पर शिपायासमोर म्हनले. मला लई लागलं.

दुसऱ्या दिवसापासून मी नवा धडा काढला. भोंगा वाजला की जिथं असाल तिथं थांबायचं. मोटारीकडं तोंड, टाचा जोडलेल्या, सलाम. मोटार जाईस्तोवर हलायचं न्हाई. मी स्वतः तोंडानं पों पों करत पटांगनात पळायचो अन् पोरं सलाम ठोकायची. हसू येतंय ना? येऊ द्या. तवा मलाबी मजाच वाटायची.

गया नावाची पोर होती, ठकूबाईची. सहा वर्साची. तिला काई जमंना. मी भोंगा केला की ती बांधाकडंच पळायची. "माय म्हनती पळ," म्हनायची. दोनदा पळाली, दोनदा मी तिच्या हातावर छडी मारली. म्हनलो, मायचं घरी, हितं माझं ऐकायचं. तिसऱ्यांदा न्हाई पळाली.

दिवाळी झाल्यावर परळीकडून कुन्या व्यापाऱ्याची सरकीनं भरलेली लॉरी आली. शाळा नुकतीच सुटलती. गया सडकंच्या मधोमध. भोंगा वाजला. ती थांबली. लॉरीकडं वळली. टाचा जोडल्या, हात कपाळाला नेला. डायवर भोंग्यावर भोंगा देत होता, पोर हटंल म्हनून — अन् जेवढा भोंगा, तेवढी ती ताठ. मी ओसरीत हुबा होतो. "गया, पळ" म्हनायला किती येळ लागतो? म्हनलो न्हाई. घाबरलो, म्हनू का? खरं सांगतो — पहिल्यांदा मनात आलं, वा, पोरीला जमलं. तेवढ्यात सगळं झालं.

पोलिसांचा अमीन जबाब घ्यायला आला. मी सांगितलं, पोर हूड होती, घरी तिला कुनी सडकंचं शिकवलंच न्हाई. पोरांना दम दिला, धड्याचं नाव काढायचं न्हाई. गावानं ठकूबाईलाच बोल लावला. नवऱ्यानं तिला मारलं. मला ठाऊक होतं सगळं — मी त्याच गावात जेवत होतो, झोपत होतो.

मग ती माझ्याकडं आली. "मास्तर, म्या शिकवलतं हो तिला. रोज सांगायची. मग ती कावून थांबली?"

मी म्हनलो, लेकरू ते, इसरलं असंल.

"व्हय," म्हनली. "माझंच सांगनं कच्चं असंल."

अन् मी मान हलवली. कळलं का? नुसता गप बसलो न्हाई. व्हय म्हनून मान हलवली.

दोन सालांनी ती धाकट्या लेकाला घिऊन शाळेत आली. म्हनली, "मास्तर, मला काई शिकवता आलं न्हाई. ह्याला सडकंचं तुमीच नीट शिकवा."

तिनं त्याचा हात माझ्या हातात दिला. मी घेतला.