भुवया, नाक आणि जाहीर सुनावणी

मी पक्ष्यांचं टेन्शन मोजते, असं माझ्या नवऱ्याने एकदा मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये सांगितलं आणि मिशिगनमधल्या आमच्या ॲन आर्बरमध्ये माझी तीच ओळख होऊन बसली. आरती संपून पानं वाढली जात असताना कुणीतरी हमखास विचारतं, "काय गं, तुझे पक्षी सध्या टेन्शनमध्ये की चिल?" मग दुसरा म्हणतो, "यार, लेऑफ आमच्याकडे चाललेत आणि हे लोक टेन्शन पक्ष्यांचं मोजतायत." पूर्वी मी हसून सोडून द्यायचे. आता हसत नाही. त्यामुळे मी खडूस झाले आहे असंही मंडळात बोललं जातं, आणि ते खरं आहे.

काम तसं सांगायला सोपं आहे. कुठलाही जीव घाबरला की त्याच्या रक्तात एक हार्मोन चढतं. माणसाचं चढतं, तसंच पक्ष्याचंही. पक्षी हातात आल्याबरोबर पंखाखालून रक्ताचा थेंब घ्यायचा, अगदी पटकन, नाहीतर आपल्याच हाताची भीती त्या रक्तात उतरते. मग पक्ष्याला कापडी पिशवीत ठेवायचं आणि थोड्या वेळाने दुसरा थेंब घ्यायचा. धडधाकट पक्ष्याचं हार्मोन तेवढ्यात चांगलं वर गेलेलं असतं. हे थेंब बर्फात घालून आमच्या लॅबमध्ये येतात आणि मी ते तपासते.

माझे थेंब यायचे अलास्काच्या उत्तरेकडून. तिथे समुद्रात सरळ उतरलेला एक कडा आहे. त्याच्यावर काळ्या पाठीचे, पांढऱ्या पोटाचे हजारो पक्षी उन्हाळ्यात येतात. घरटं बिरटं काही नाही, उघड्या दगडावर एकच अंडं घालायचं आणि पायांवर घेऊन उबवत उभं राहायचं. मोठा आवाज झाला की सगळे एकदम उडतात आणि अंडी खाली समुद्रात. कड्याच्या अलीकडे इनुइट लोकांचं एक लहान गाव आहे. ते पिढ्यान्‌पिढ्या त्या कड्यावरची थोडी अंडी काढून आणतात आणि खाली समुद्रात सील मारतात. आणि आत डोंगरात एक खाण आहे. खाणीचा माल जहाजांनी जातो. अंडी उबवायच्या आठवड्यांत कड्याखालून जहाज न्यायला बंदी होती. खाणीला ती बंदी उठवून हवी होती. म्हणून दोन उन्हाळे प्रयोग म्हणून जहाजं न्यायची, आम्ही पक्षी तपासायचे आणि मग गावाची जाहीर सुनावणी घेऊन काय ते ठरवायचं, असं ठरलं.

पहिल्या उन्हाळ्यात मी स्वतः गेले. त्या गावात हॉटेल नाही. आम्ही शाळेच्या वर्गात जमिनीवर झोपायचो, आणि शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाई आम्हालाही जेवायला घालायच्या. मी त्यांना दुसऱ्याच दिवशी मावशी म्हणायला लागले. अर्थ सांगितला तर त्यांनी दोन्ही भुवया वर केल्या आणि पातेलं ढवळायला लागल्या. मला वाटलं, आगाऊपणा झाला. मी सॉरी सॉरी करायला लागले. शेवटी त्यांची मुलगी हसत म्हणाली, "अगं, भुवया वर म्हणजे हो. तिला आवडलंय."

तिथे असंच आहे. हो म्हणायचं तर भुवया वर. नको म्हणायचं तर नाक मुरडायचं, जरासंच, ससा मुरडतो तसं. लहान मुलं, म्हातारे, सगळे. दुकानात, चर्चमध्ये, घरात, माणसं अख्खी संभाषणं अशी करतात. पाहुण्याला तोंडावर 'नाही' म्हणणं त्यांना असभ्य वाटतं, नाक मुरडलं की पुरे. मला हे शिकायला काहीच कष्ट पडले नाहीत. कारल्याची भाजी ताटात आली की आमच्या घरीही वेगळं काही होत नसे. तोंडाने बोललेलंच तेवढं खरं असं मानणारी माणसं जगात थोडी आहेत, फक्त ती सगळी ऑफिसात बसलेली असतात.

मावशींचा मुलगा खाणीत नोकरीला होता. गावातल्या बऱ्याच घरांत तसंच होतं, कारण दुसरी नोकरी तिथे नाही. त्यामुळे सगळ्यांचे हात दगडाखाली. मावशी मला एकदा कड्यावर घेऊन गेल्या. त्यांनी कमरेला दोर बांधला, मुलीने वरून धरला, आणि त्या वयात त्या उतरून मोजकी अंडी घेऊन आल्या. "जहाज आलं की इथे अंडी राहत नाहीत," त्या म्हणाल्या. "मी हे सगळ्या मीटिंगांमध्ये सांगितलंय. आता पुन्हा सांगायला मला शरम वाटते." मी विचारलं, शरम तुम्हाला का? त्या कमरेचा दोर सोडायला लागल्या. मलाच त्यांच्या वतीने राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

त्या उन्हाळ्यात रक्तातले आकडे चढले होते. दुसऱ्या उन्हाळ्याचे थेंब आले तेव्हा आकडे खाली. पिशवीत ठेवल्यानंतरही जवळजवळ चढत नव्हते. खाणीने नेमलेल्या सल्लागार कंपनीच्या माणसाने व्हिडिओ कॉलवर अक्षरशः टाळी वाजवली. "पक्षी सरावले," तो म्हणाला. "दे आर फाइन विथ इट."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी समजावून सांगितलं की घाबरून घाबरून दमलेल्या जिवाचं शरीर हार्मोन सोडणंच बंद करतं. हे सरावणं नव्हे, हे संपणं आहे. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, म्हणून आग थंड झाली असं कुणी म्हणतं का? त्याच उन्हाळ्यात कड्यावरची पिल्लं निम्म्याहून कमी होती, तेही मी दाखवलं. सल्लागार म्हणाला, पिल्लांची संख्या प्रोजेक्टच्या कक्षेत येत नाही. आमचे प्रोफेसर माणूस म्हणून वाईट नाहीत. ते टेबलाकडे बघत म्हणाले, "दोन्ही अर्थ निघू शकतात, असं लिहू या." अहवालात 'सरावले' हा शब्द वर ठळक छापला गेला, आणि माझं म्हणणं पान उलटल्यावर खाली, बारीक अक्षरात.

घरी येऊन मी नवऱ्यावर ओरडले. त्याचा काही संबंध नव्हता. तो म्हणाला, "रिझाइन कर ना मग." मी म्हटलं, मी गेले तर ती बारीक अक्षरंसुद्धा जातील.

मग सुनावणी आली. गावाला जाऊन घ्यायची तर विमान, हवामान, खर्च. त्यापेक्षा ऑनलाइन बरी, असं ठरवलं गेलं. आम्ही ॲन आर्बरच्या कॉन्फरन्स रूममध्ये, कॉफी आणि बेगल्स समोर. पडद्यावर शाळेचा हॉल. सगळं गाव आलं होतं. पुढच्या रांगेत मावशी, त्यांच्या शेजारी मुलगी, मागे भिंतीला टेकून मुलगा, खाणीच्या जॅकेटमध्ये. सुनावणी चालवणारा अधिकारी तिसऱ्याच शहरात, त्याच्या चौकोनात.

त्याने अहवालाचा सारांश वाचला. पक्षी सरावले आहेत. मग एकेक मुद्दा घेऊन शेवटी विचारलं, "तर मग बंदी उठवायची, चालेल?"

हॉलमध्ये सगळ्यांनी नाकं मुरडली. मी बघत होते. पुढची रांग, मागची रांग, कडेवरचं पोर. मावशींनी मुरडलं. भिंतीपाशी उभ्या असलेल्या मुलानेही मुरडलं, आणि ते जॅकेट घालून मुरडायला काय लागलं असेल हे मला ठाऊक होतं. त्या हॉलमधला नकार मला मिशिगनमध्ये बसून स्वच्छ दिसत होता.

"कुणाचा आक्षेप? हिअरिंग नन," अधिकारी म्हणाला, "म्हणजे कुणाचाच नाही. पुढे जाऊ या."

मी माईक चालू केला. प्रोफेसरांनी माझ्या बाहीला हात लावला, मी तो काढला. "थांबा," मी म्हटलं, "अख्ख्या हॉलने आत्ता नाही म्हटलंय. नाक मुरडणं म्हणजे तिथे नाही. कुणालाही विचारा."

अधिकारी सभ्य होता. तो म्हणाला, बोललेला किंवा लिहून दिलेला आक्षेपच नोंदवता येतो. कुणाला बोलायचं असेल तर जरूर बोलावं. आणि तो थांबला, थोडा वेळ, घड्याळाकडे बघत. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारावं आणि खाणीच्या पगारावर जगणाऱ्या गावाने उठून नाव सांगून बोलावं, ही त्याची अपेक्षा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर विचारायचं की ओरडत का नाही. कुणी उठलं नाही. मावशी सरळ कॅमेऱ्यात बघत होत्या, आणि त्यांचं नाक अजून मुरडलेलं होतं.

मला राहवेना. मी म्हटलं, "मग माझा आक्षेप लिहा. बोलून सांगते. बंदी उठवू नका. पक्षी सरावलेले नाहीत, आणि ही माणसंही सरावलेली नाहीत."

"नोंदवला," तो म्हणाला. खोलीत कुणी माझ्याकडे बघेना. नंतर पार्किंगमध्ये प्रोफेसर म्हणाले, "ॲटलीस्ट इट्स ऑन रेकॉर्ड." मलाही तेवढं समाधान वाटलं, खोटं कशाला बोलू. गावाचं नाही तर निदान माझं तोंड उपयोगी पडलं, असं मी त्या रात्री नवऱ्याला सांगितलंसुद्धा.

निर्णय आला तेव्हा बर्फ पडत होता आणि मी बस स्टॉपवर उभी होते. फोनवर उघडून वाचला. स्थानिक रहिवाशांकडून कोणताही आक्षेप आला नाही, असं त्यात होतं. एकच आक्षेप आला. तो मिशिगन राज्यातून आला असून, आक्षेप घेणारी व्यक्ती बाधित भागातील रहिवासी नसल्यामुळे तो विचारात घेतलेला नाही. सबब बंदी उठवण्यात येत आहे.

मी बस सोडली आणि तिथूनच मावशींना फोन लावला. त्यांना वाचून दाखवलं, अडखळत, मधे तोंडात येणाऱ्या शिव्या गिळून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आम्ही इथे राहतो म्हणून बोललो नाही, आणि तू बोललीस तर तू इथे राहत नाहीस." एवढं बोलून त्यांनी मुलीला हाक मारली आणि वरच्या फळीवरचा दोर खाली काढून ठेव म्हणून सांगितलं. उन्हाळ्यात पक्षी आले की, पहिलं जहाज येण्याआधी, अंडी काढायला कड्यावर जाऊन यायचं होतं.